पोरीची बकरी

माय, तुझा आवाज आठवायचा तर मला आधी तू कोणावर तरी डाफरते आहेस असं मनात आणावं लागतं. मग तो लगेच येतो. तुला जाऊन किती वर्षं लोटली ते मी मोजत नाही, मोजून तरी काय होणार आहे. आज माळेगावच्या या दोन खोल्यांत पोरगा गाढ झोपला आहे, त्याचे वडील शाळेत गेले आहेत आणि चुलीवर मुगाचं वरण शिजत ठेवून मी हे लिहायला बसले आहे. तुला अक्षर वाचता येत नव्हतं, तेव्हा हे पत्र पाठवायचं कुठं आणि वाचणार कोण, हा प्रश्नच उरत नाही. उलट बरंच आहे. वाचता आलं असतं तर तू आधी माझ्या अक्षरालाच नावं ठेवली असतीस. पण मला तुला एक विचारायचं आहे, आणि ते विचारायचं तर सगळं बेटापासूनच सांगायला हवं.

पैनगंगेतलं आपलं बेट. उन्हाळ्यात नदी घोट्याएवढी झाली की गावातल्या बायका पदर खोचून तिकडं जायच्या. पुरुष जात नसत, कारण तिथं साती आसरा होत्या, पाण्यातल्या सात बहिणी, शेंदूर लावलेले सात गोटे. बायांच्या देवी, तिथं बाप्यांचं काय काम! आजी म्हणायची, बाप्या तिकडं गेला तर त्याला आसरा धरतात. मला वाटतं ही गोष्ट कुठल्या तरी शहाण्या सासुरवाशिणीनं मुद्दाम उठवली असावी, कारण अख्ख्या गावात तेवढी एकच जागा होती जिथं कोणी तुम्हाला हाक मारून पाणी मागत नसे. माझी अगदी पहिली आठवण तिथलीच आहे. करंजाच्या दाट सावलीत तू पाय लांब करून बसली आहेस, डोक्यावर पदर नाही, आणि तू हसते आहेस. घरात मी तुला तसं हसताना कधी पाहिलं नाही. शिंदीच्या झाडांना सुगरणीचे खोपे लोंबत आहेत, कहूच्या झाडाच्या शेंड्यावर बगळे भांडत आहेत, ज्येष्ठातली जांभळं खाऊन सगळ्यांच्या जिभा निळ्या झाल्या आहेत आणि पाटलीण, जी गावात कोणाशी धड बोलत नसे, ती सगळ्यांना आपली जीभ काढून दाखवते आहे. किन्हीराजाहून लग्न होऊन आलीस तेव्हा पहिलं वर्षभर तू नुसती रडत होतीस म्हणे. बेटावर गेलीस आणि रडायची थांबलीस.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. माझे दोन्ही भाऊ एका आठवड्याच्या आत गेले. गावात असं घर नव्हतं जिथून कोणी गेलं नाही. जी लेकरं उरली त्यांच्यासाठी आयांनी आसरांना बकरी बोलली. पोरगा वाचू दे, बेटावर बकरी सोडीन. सोडलेली बकरी म्हणजे आसरांची. तिला कापायचं नाही, विकायचं नाही, परत आणायचं नाही. मीही तापात होते आणि तूही बोललीस. मी उठून बसले तेव्हा आजी काय म्हणाली ते तू मला पुढं कितीदा ऐकवलंस.

"पोरीसाठी कोनी बकरी सोडते काय वं? लोक हासतील."

"हासू द्या. माह्याजवळ जे उरलं ते पोरगीच हाय."

काळी, एका कानावर पांढरा डाग असलेली पाठ, अजून न व्यालेली, तू तिकडं सोडलीस. साऱ्या बकऱ्या पोरांच्या, एकटी तेवढी पोरीची. गावात तिचं नावच पडलं, पोरीची बकरी.

माझ्या एका बकरीनं काय होतं, असं प्रत्येकीला वाटलं आणि त्यात कोणाची चूक नव्हती. एका बकरीनं खरंच काही होत नाही. पण थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, तसंच ते थेंबा थेंबानं आटतंही. बोकडही सोडले होते, बकऱ्याही. त्यांना पिल्लं झाली, पिल्लांना पिल्लं झाली. उन्हाळ्यात एखादी आपल्या पायानं गावाकडं यायला निघाली की बायका ओरडत धावायच्या आणि तिला परत हाकलायच्या, कारण बकरी परत येणं म्हणजे पोराचं बरंवाईट होणं. मी दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत बेटावर गवताची काडी उरली नव्हती. नवं रोप उगवलं की खाल्लं जायचं. झाडांच्या साली पोहोचेल तिथवर सोललेल्या. बकऱ्या तोंड लावत नाहीत ती घाणेरीची झुडपं तेवढी माजली होती. उघड्या पडलेल्या मातीचा एकेक लचका दर पुरात जायचा. बगळे आधी गेले, सुगरणी नंतर. आणि एका पावसाळ्यात ते मोठं जांभूळ मुळासकट पाण्यात पडलं.

त्या दिवशी तू जेवली नाहीस. भाकरी थापता थापता मध्येच थांबलीस, हात तसाच पिठात. मी विचारलं, काय झालं? तू चुलीकडं बघतच म्हणालीस, "आपुन लेकरं वाचोली, अन् बेट मारून राह्यलो." आजीनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

पुढच्या उन्हाळ्यात धुणं धुताना तू सगळ्यांपुढं बोललीस. मी बाजूला पिळे वाळत घालत होते. तू म्हणालीस, लेक माहेरी येते तेव्हा आपली लेकरंबाळं, गुरंवासरं काय सासरी टाकून येते? आसरायची ओटी भरू, त्यायले माहेरपणाले आपापल्या घरी बोलावू. त्या येतील, त्यायच्या मागं बकऱ्या येतील. बकरी आसरायचीच राहील, फक्त आपल्या दारात राहील. दूध विकायचं नाही, लेकरांच्या तोंडी घालायचं. नवस मोडत नाही अन् बेट जगते.

मग पाटलीण म्हणाली, "अन् नाई आल्या त?"

"नाई आल्या त सांगतील."

"कोनाले सांगतील?"

पाटलिणीनं माझ्याकडं पाहिलं. तिचा एकुलता एक पोरगा त्या साथीतून उठला होता. मी तिला आज दोष देत नाही, पण तेव्हा ती जे बोलली ते माझ्या काळजात अजून रुतलेलं आहे. "तू आन तुही बकरी. तुही पोरीची हाय. आमच्या पोरायच्या हायेत. एक पावसाळा पाहू, मंग आमी आनू."

आणि तू हो म्हणालीस. माझ्याकडं न बघता हो म्हणालीस.

तू एकटीच गेलीस, सात गोट्यांची ओटी भरलीस, "चाला बायांनो, माह्या घरी माहेराले" असं म्हणालीस आणि ती म्हातारी काळी बकरी दोरीनं घेऊन आलीस. तो पावसाळा अख्ख्या गावानं माझ्याकडं बघत काढला. मी विहिरीवर गेले की बाया बोलायच्या थांबायच्या. जेवलीस काय वं? झोप लागते काय? डोळे दाखव. मला गंमत वाटायची. इतका मान गावात कुठल्या पोरीला मिळाला नसेल! भाद्रपदात मला हिवताप आला आणि गंमत संपली.

थंडी वाजून दात वाजत होते आणि ओसरी बायांनी भरली होती. आजी रडत होती, "नेऊन सोड वं ते बकरी, नेऊन सोड!" तू उठलीस, गोठ्यातून बकरी सोडलीस आणि नदीकडं गेलीस. बाजेवरून मला तेवढं दिसलं. मला हायसं वाटलं, माय. मला जगायचं होतं. दिवस कलताना तू परत आलीस आणि दोरीला बकरी तशीच होती. ओसरीतल्या बायांमधून तू तिला गोठ्यात नेलीस, हात धुतलेस आणि माझ्या पायाशी येऊन बसलीस.

बरी झाल्यावर मी विचारलं, काहून परत आणली? तू निवडत होतीस ते सूप खाली ठेवलंस. म्हणालीस, "नदी उतरली होती, जाता आलं असतं. पन तिकडं त्या बकऱ्या मागच्या पायावर उभ्या राहून कहूची साल ओढून राह्यल्या होत्या. त्यायच्यात अजून एक घालाले हात होईना. मले भेव वाटे, लय भेव वाटे. मंग आसरायले म्हटलं, पोरगी तुमचीच हाय. न्यायची असंन त न्या. बकरी मी देत नाई."

तुला वाटलं असेल मी ते विसरेन. मला त्या वाक्याचा इतका राग आला होता की लग्न होऊन सासरी गेले तरी तो माझ्याबरोबर आला. झाडाझुडपासाठी माझ्या आईनं मला डावावर लावलं, असंच मी मनात धरलं. तू आजारी पडलीस आणि मी भेटायला आले, तेव्हाही ते आपल्या दोघींच्या मधे बसलेलं होतं, आणि आपण पापडांबद्दल बोललो.

पण बेट जगलं. दुसऱ्या उन्हाळ्यात पाटलीण स्वतः पहिली गेली आणि ओटी भरून आपल्या बकऱ्या पिल्लांसकट घेऊन आली, मग बाकीच्या. गावात इतक्या बकऱ्या झाल्या की कोणाच्या परसात भाजीचं पान राहीना, आणि पुरुष म्हणू लागले, आसरांना सासरी कधी धाडता? तुम्ही बायांनी घाणेरी मुळांसकट उपटली. हातांना तो वास आठवडाभर राहायचा. कोणी तरी हौसेनं गुलबास आणून लावली तर तू ती उपटून तिच्या हातात दिलीस. "हे तुह्या अंगनात लाव. हितं हितलंच येऊ दे." नदीच्या वरच्या अंगाला काठावर पडलेली जांभळं वेचायला, करंजाच्या शेंगा आणायला मी तुझ्याबरोबर हिंडले आहे, रागातसुद्धा. काही आपण पेरलं, पण बरंचसं आपोआपच आलं. मेल्या समजलेल्या खोडांना फुटवे आले. आधी गवत आलं, मग शिंदी. तू ज्या पहिल्या दिवशी तिथं पुन्हा बगळा पाहिलास त्या दिवशी घरी येऊन सण नसताना पुरण घातलंस आणि आजीला कारण सांगितलं नाहीस.

मागच्या उन्हाळ्यात मी गेले होते. आत शिरायला वाट राहिलेली नाही, इतकं ते भरलं आहे. मी करंजाखाली पाय लांब करून बसले आणि तुझ्यासाठी रडले. राग होता तो कुठं गेला मला कळलं नाही.

आता विचारायचं ते विचारते. गेल्या महिन्यात पोराला मुदतीचा ताप आला. ताप उतरेना. वाशिमहून डॉक्टर आणला, त्यानं तपासलं आणि ह्यांना बाहेर बोलावून नेलं. मी स्वयंपाकघरात गेले, भिंतीकडं तोंड केलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, आसरांनो, बकरी सोडीन. विचार करून बोलले नाही, ठेच लागल्यावर जसं तुझं नाव येतं तसं ते आलं. पोरगा उठला. आता तो भात मागतो, हट्ट करतो, झोपतो.

ह्यांना मी काही सांगितलेलं नाही. मास्तर माणूस, हसतील तरी नाहीतर समजावतील तरी. बाजारातून बकरी घेतली, पोराच्या दुधासाठी म्हणून सांगितलं. ती मागं परसात बांधली आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली आहे. एका बकरीनं काय होतं, असं मन म्हणतं, आणि हे वाक्य मला ओळखीचं आहे. तुझा मार्ग मला माहीत आहे. ओटी भरायची, माहेरी बोलवायचं, बकरी दारात ठेवायची. पण तू नदीकाठी बसून जे म्हणालीस ते मला पुरं म्हणता येत नाही. पोरगा तुमचाच आहे, इथवर येते आणि पुढचं तोंडातून फुटत नाही. ते तुला कसं म्हणवलं, माय? मी पोरगी होते म्हणून का? तसं असेल तर सांगू नकोस.

बकरी बेटावर नेणार नाही, असं मी रोज सकाळी नक्की ठरवते. पण आधी झोपलेल्या पोराच्या कपाळाला हात लावून बघते, आणि मगच ठरवते.