तिसरा डबा

प्रिय नणंदबाई,

आधी भांडून घेते, मग खुशाली विचारते. कॉलेजच्या जिन्यात बसून तूच मला म्हणाली होतीस ना, की आमचा दादा फार शांत आहे, तुला त्याचा काडीचा त्रास होणार नाही? ये आणि बघ तुझा शांत दादा. माझ्या शिवणाच्या टेबलावर आता कॉम्प्युटर आहे, शिवणयंत्र जमिनीवर आहे, आणि तिथपासून पियानोपर्यंत इतक्या तारा पसरल्यात की सकाळी चहाचा कप हातात धरून मी बगळ्यासारखी पाय उचलत चालते. रेकॉर्डिंगमध्ये फ्रिजची घरघर येते म्हणून तो फ्रिज बंद करतो आणि पुन्हा चालू करायचं साफ विसरतो. या महिन्यात तीनदा दूध नासलं. फोन करायचा म्हटलं तर घरात चार माईक उघडे असतात, म्हणून हे पत्र.

याला कारण तूच आहेस. मागच्या खेपेला आलीस तेव्हा जाता जाता बोलून गेलीस, की बाबांच्या अकरा चाली दादाच्या बोटांत आहेत तोवर आहेत, नंतर संपल्या. तू गाडीत बसून निघून गेलीस, इथे माणूस पेटला. मामंजींनी त्या नाचाच्या क्लासात पियानोवर बसून रचल्या, कधी कागदावर उतरवल्या नाहीत. सासूबाईंनी शब्द घातले ते मला पाठ आहेत. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर व्हायोलिन घेऊन खाली येतात. म्हणजे पियानोला दोन माईक, मला एक, डॉक्टरांना एक. चार झाले. आणि आपल्याकडचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईकचा आवाज कॉम्प्युटरला कळेल असा करून देणारा तो डबा, त्याला खाचा दोनच. मी म्हटलं, चार खाचांचा एक आण आणि मोकळा हो. नाही. डॉक्टरांकडेही तसाच दोन खाचांचा डबा पडून होता, तो आणला. दोन आणि दोन चार, हिशेब सरळ आहे म्हणाला. सरळ म्हणे!

पहिल्याच दिवशी वाजवून ऐकलं तर पियानो ठीक आणि मी चिमणीच्या आवाजात गातेय. डॉक्टरांचं व्हायोलिन डास गुणगुणावा तसं. दोन डब्यांचं मोजमाप वेगळं लावलेलं होतं, एक सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर वेळा आवाज मोजत होता, दुसरा अठ्ठेचाळीस हजार वेळा. हे कळायला दीड दिवस गेला. त्या दीड दिवसात तुझ्या दादानं मला दोनदा विचारलं, घसा बरा आहे ना तुझा?

ते निस्तरलं तर पुढचं उपटलं. अकरा चाली न थांबता सलग वाजवायच्या, कारण बाबा थांबत नसत. चाळीस मिनिटं. सुरुवात छान, सगळे एकत्र. सातव्या चालीपासून मी आणि डॉक्टर जरासे मागे, अकराव्याला तर पियानो पुढे आणि आम्ही त्याच्यामागे चपला घालत धावतोय असं. तुझ्या दादाचा निकाल तयार, तुम्ही दोघं दमता. मी सदतीस वर्षं या माणसाच्या पियानोबरोबर गाते, एकदा मागे पडले असेन तर शपथ! डॉक्टर बिचारे आठवडाभर टिकटिक करणारं यंत्र लावून एकटे सराव करत होते, त्यांचे पेशंट खाली येऊन माझ्याकडे तक्रार करायचे.

शेवटी मीच म्हटलं, सुरुवातीला एक टाळी वाजवू आणि शेवटी एक. ऐकलं तर पहिली टाळी एक आणि शेवटची टाळी दोन, टप-टप. टाळी मी एकदाच वाजवली होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्याकडे मापाच्या दोन टेपा आहेत, त्यातली जुनी ताणून सैल झालीय. ब्लाउजला फरक कळत नाही, पण पडदे बेतायला घेतले की शेवटी बोटभर कापड इकडचं तिकडे होतं. दोन डबे, दोघांची आपापली घड्याळं. डबा घेतला त्या दुकानदारानंही तेच सांगितलं: दोघांच्या पाठीला जी गोल खाच आहे तिथून एक तार जोडा, एकाला पुढारी करा, दुसरा त्याच्या घड्याळानं चालेल. पाच मिनिटांचं काम. पण आपला डबा डॉक्टरांच्या डब्याच्या मागे चालेल हे दादाला मंजूर नाही, आणि डॉक्टर म्हणतात माझा महागाचा आहे. साठी ओलांडलेले दोन पुरुष चार दिवस एका तारेवरून रुसून बसले होते. पाचव्या दिवशी मी तार हातात घेतली आणि दोघांना बाहेर पाठवलं. आपला डबा पुढारी केला, कारण मला या घरात राहायचंय.

आणि मग झालं गं! चाळीस मिनिटं, शेवटची टाळी एक. सासूबाईंचे शब्द, मामंजींची चाल, मध्ये डॉक्टरांचं व्हायोलिन इतकं स्वच्छ की मी पदर डोळ्यांना लावला. डॉक्टरसुद्धा नाक पुसत होते. तुझ्या दादानं हेडफोन घातले, नेहमीसारखे डोळे मिटून पूर्ण ऐकलं, आणि म्हणाला, व्हायोलिनला धार नाही. तू 'स' म्हणतेस तो ऐकूच येत नाही. डबा खराब आहे, वरचा बारीक आवाज खातोय. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. मग म्हटलं, हो, मलाही तसंच वाटतंय.

हे पहिलं खोटं. त्यानंतर त्यानं वरचा आवाज वाढवत नेला, इतका की आता ऐकलं तर माझा प्रत्येक 'स' कानात सुईसारखा घुसतो, आणि तो म्हणतो आत्ता कुठे बरं येतंय. आपण ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्या अकरा चाली तो आपल्याच हातानं बिघडवतोय, आणि मी शेजारी बसून मान डोलावतेय. दुसरं खोटं याहून मोठं आहे. संगीतशाळेच्या मुख्याध्यापिकांचा मला फोन आला होता, त्याला नाही, मला. तुझ्या दादानं सुरात लावून दिलेल्या शाळेच्या पियानोच्या वरच्या पट्ट्या बेसूर आहेत, म्हणाल्या, तेवीस वर्षं तेच लावतात, असं कधी झालं नाही. मी म्हटलं, सर्दी झालीय त्यांना. आणि त्याच्याच हाताखाली पियानो लावायला शिकलेल्या मुलीला गाठून, दुपारी शाळा सुटल्यावर जाऊन तो पियानो नीट करायला सांगितलं. ती रडली. पण गेली. तेव्हापासून तो जिथे जिथे पियानो लावून येतो तिथे दुसऱ्या दिवशी ती जाते. कुणी त्याच्यापाशी चकार शब्द काढत नाही. सगळे त्याचा मान राखतात आणि मला त्या मानाची इतकी चीड येते की काय सांगू. चिडते मी तारांवर, फ्रिजवर, दुधावर, कारण त्याच्यावर चिडता येत नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढवतील ना? चढवत नसतील तरी ये. कानाच्या डॉक्टरकडे चल, हे त्याला तूच सांगायचं. माझं तो ऐकेल, पण मग इतके दिवस मी हो हो करत होते हेही त्याला कळेल, आणि ते माझ्याच्यानं बघवणार नाही. आणखी थांबू नकोस, कारण काल त्यानं तिसरा डबा आणला. सगळ्यात चांगला, म्हणाला, आता दूध का दूध होईल. मला पियानोपाशी बसवलं, स्वतः आतल्या खोलीत जाऊन हेडफोन घातले, डोळे मिटले आणि सांगितलं, अगदी शेवटची, सगळ्यात वरची पट्टी वाजव, हळूच. दार उघडं होतं, मला तो दिसत होता आणि त्याच्यामागे कॉम्प्युटरचा पडदाही. मी वाजवली. पडद्यावरची हिरवी रेघ उडाली. पुन्हा वाजवली, पुन्हा उडाली. तिसऱ्यांदाही. तो तसाच बसून होता, मान थोडी पुढे, लहान मूल शाळेत नीट लक्ष देतं तसा. मग डोळे न उघडताच म्हणाला, वाजव ना गं, मी केव्हाचा थांबलोय. मी म्हटलं, सॉरी हं, लक्ष नव्हतं माझं, आता वाजवते.

तुझीच,
आधी मैत्रीण, मग वहिनी