फोटोच्या रांगेत

बीरगांव, रायपूर
५ नोव्हेंबर २००३

ती. शेवंताताईस हरिदासचा सप्रेम जयभीम.

तुझ्या गुडघ्याचं मागाहून विचारतो, आधी माझं ऐक. राजधानी झाली, चौकाचौकातल्या पाट्या बदलल्या. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ मात्र आमच्याच छातीत मुक्कामाला आहे. म्हणून भांडून छातीच्या एक्स-रे फोटोचं शिबिर आणलं. एकही बाई घरी राहता कामा नये, असं भोंग्यावर गरजलो. सुरुवात आपल्या घरापासून, म्हणून सून मोनालीला सगळ्यांत पुढे उभी केली. मशीनवाल्याने विचारलं, पेट से तो नहीं हो? तिने मान खाली घातली. मी सासरा, शेजारी उभा. माझ्यासमोर कशी बोलेल? दुसरा महिना होता. तिच्या नवऱ्याला ठाऊक, मले नाही.

आता पाऱ्यातला, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातला, डॉक्टर म्हणतो, किरणं लागली, पोर अपंग होईल, लवकर साफ करा. ताई, तुझा जन्म दवाखान्यात नर्स म्हणून गेला. काय करू ते लिही. फोन किराणा दुकानात आहे, सारा पारा ऐकून राहतो. तिथे हे काढू नको.

माया असू दे, मी तिच्या लायक उरलो नसलो तरी.

तुझा
हरिदास

नागपूर
९ नोव्हेंबर २००३

चि. हरिदासला जयभीम आणि आशीर्वाद.

पोट्ट्या, जगाला अक्कल वाटत फिरतोस अन् घरच्या पोरीचं तोंड पाहत नाहीस? नीट वाच. छातीच्या एका फोटोतून पोटातल्या बाळापर्यंत पोचतं ते नगण्य. तेवढ्यासाठी गर्भ पाडत नाहीत. विचारतात ते जपण्यासाठी, उगाच किरणं देऊ नयेत म्हणून. तिला मोठ्या दवाखान्यात बायांच्या डॉक्टरला दाखव, दुसरं काही करू नको.

दुकानात तीनदा फोन लावला. तू सभेला गेलेला. निरोप काय ठेवणार, तूच मना केलं होतंस.

झबल्याला कापड आणलं आहे. माझा लोभ त्यातच शिवून पाठवीन.

तुझी
ताई

बीरगांव
१६ नोव्हेंबर २००३

आदरणीय आत्याबाईंना मोनालीचा जयभीम.

तुमचं पत्र गुरुवारी आलं. आम्ही बुधवारीच पाऱ्यातल्या डॉक्टरकडे जाऊन साफ करून आलो होतो. डॉक्टरने विचारलं, राजी हो ना? मामाजी शेजारीच उभे होते, सासरे असून रडून राहिले होते. मी तेव्हाही मान खाली घातली.

मामाजी आता सभेला जात नाहीत. तुमचं पत्र खिशात असते. काहून गप्प आहात, असं कोणी विचारलं तर नुसतं हव म्हणतात.

पुढच्या रविवारी पलीकडच्या पाऱ्यात मशीन येणार आहे. रांगेतल्या बायांना मी आधी बाजूला घेऊन विचारणार आहे. मामाजींनी तेव्हा लांब थांबावं, हे त्यांना सांगायचं होतं. तोंडाने जमलं नाही, चिठ्ठीवर लिहून दिलं.

झबल्याचं कापड परत करू नका. लोभ आहे म्हणून एवढंच मागते.

तुमची
मोनाली