साहेब, जरा बोला

२ फेब्रुवारी
फाट्यावर ड्युटी. सकाळपासून नुसती किळस आलीय. गाडी अडवली की लायसन्सच्या आधी माणूस मोबाईल काढतो, नंबर लावतो आणि माझ्या नाकासमोर धरतो. म्हणे, साहेब, जरा बोला. पलीकडे कुणाचा तरी मामा, नाहीतर कसला तरी अध्यक्ष. आजपासून निश्चय. कुणाचाही फोन कानाला लावायचा नाही. कायद्यापुढे सगळे सारखे. हवालदार जयसिंग काय चीज आहे ते शिरूर तालुक्याला कळेल.

३ फेब्रुवारी
निश्चय पाळला. तळेगाव ढमढेऱ्याच्या अलीमचा टेम्पो धरला. कोबी घेऊन दौंडला निघालेला, मागचा दिवा बंद. फोनबिन काही नाही. चलान केलं. बरं वाटलं.
दुपारी काळ्या काचांची गाडी. फोन पुढे आला, मी घेतला नाही. मग त्याने स्पीकर लावला. स्पीकर म्हणजे कानाला लावणं नव्हे. पलीकडे कारखान्याचे संचालक निघाले. सोडावं लागलं.

५ फेब्रुवारी
मेहुणा सार्थक ट्रिपल सीट, हेल्मेट नाही. त्याने फोन केलाच नाही, त्यामुळे निश्चय मोडला असं म्हणता येत नाही. समज देऊन सोडला. समज देणं हीसुद्धा कारवाईच. जेवताना बायको म्हणाली, माझ्या भावाला उन्हात उभं कशाला केलं? या घरात निष्पक्षपणाची किंमत नाही.
अलीम पुन्हा. दिवा बसवलाय, पण अंगात ड्रायव्हरचा खाकी शर्ट नाही. चलान.

९ फेब्रुवारी
सरपंच पोपटरावांचा फोन आला. घेतला, पण डाव्या कानाला. डाव्याने मला कमी ऐकू येतं.
अलीम खाकी घालून आला. वायपर तुटका. ऊन रखरखीत, पण नियम तो नियम. आज तोंड वर करून म्हणाला, "टेम्पो उलटा करून बघा साहेब. बुडाखाली कायतरी घावंल." उद्धट. पण फोन दाखवत नाही, हा त्याचा गुण. अशा माणसांमुळेच कायदा टिकून आहे.

१२ फेब्रुवारी
नव्या पीएसआय ललिता मॅडमनी माझं चलानचं मशीन तपासलं. म्हणाल्या, तालुक्यात एकच टेम्पो आहे का? मी सांगितलं, बाकी सगळ्यांना शिस्त लागली. त्या हसल्या नाहीत. आणखी एक चलान झालं तर अलीमचं लायसन्स निलंबनाला जाईल, टेम्पो दारात उभा राहील आणि घरातली चूल बंद पडेल, जरा विचार कर, असं म्हणाल्या. वीट आला. ज्याला त्याला दया सुचते. कायदा एकट्या मलाच सुचतो.

१३ फेब्रुवारी
अलीम आला. बारकाईनं बघितलं. नंबरप्लेटला चिखल. मशीन काढलं. त्याने खिशात हात घातला आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. "साहेब, जरा बोला."
हासुद्धा. इतकी घाण वाटली की थुंकावंसं झालं. पण कोण असेल सांगता येत नाही. कानाला लावला. पलीकडे आवाज नाही. मोठी माणसं आधी बोलत नसतात. सावधान उभा राहिलो, जय हिंद सर म्हणालो. तरी आवाज नाही. म्हणजे फारच मोठा. होय सर, समजलं सर, सोडतो सर, असं सांगून टाकलं आणि मशीन खिशात ठेवलं.
फोन परत देताना हळूच विचारलं, कोण साहेब होते?
अलीम म्हणाला, "कोण न्हाई. आपल्या वळखीचं हाय कोण? फोन लावलाच नव्हता."
टेम्पो दौंडकडे गेला. मागे बिनहेल्मेटचा मोटारसायकलवाला उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने खिशातून मोबाईल काढला आणि नंबरसुद्धा न लावता माझ्यापुढे धरला.
मी कानाला लावला.