करवंटीचं लायटिंग माझ्याकडे

२ नोव्हेंबर, रविवार
अबोली सकाळी बंगळुरूला गेली. नवीन नोकरी. आता जानेवारीत चार दिवस येणार. घर शांत झालं. बरंच झालं, मला कामाला वेळ मिळेल.

काम म्हणजे करवंटी. (पुढे वाचताना विसरलो तर: करवंटी हे अबोलीचं कासव. वय वर्षाच्या आतबाहेर, आकार नावाप्रमाणे. आफ्रिकन जात, रीतसर सरकारी नोंद केलेली. आपल्याकडचं नक्षीचं कासव पाळणं गुन्हा आहे, हे लेकीने मला इतक्यांदा ऐकवलंय की मीच तस्कर असल्यासारखं वाटतं.) दसऱ्यापासून बाल्कनीत टबात आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात तिला दिव्याची गरज नव्हती. आता भांडुपमध्येसुद्धा थंडी पडणार.

अबोलीने टॅक्सीच्या दारात उभं राहून सांगितलं की घराच्या एका टोकाला तापणारा बल्ब हवा, दुसरं टोक गार हवं, वर उन्हासारखी अतिनील किरणं देणारी ट्यूब हवी आणि रात्री सगळं बंद. मी म्हटलं, बाळा, बावीस वर्षं मंडळाच्या गणपतीचं लायटिंग कोण करतं? ती म्हणाली, पप्पा, तेच तर टेन्शन आहे.

अट अशी: जानेवारीत करवंटी ठणठणीत असेल तर कायमची आमच्याकडे. नसेल तर मुलुंडला श्वेताकडे. श्वेता तिची मैत्रीण, प्राण्यांची डॉक्टर. मी हसलो. करवंटी कुठेही जात नाही. लेक गेली तेवढं पुरे.

संकल्प: इंटरनेटवर काही वाचायचं नाही. वाचून लायटिंग होत नसतं.

४ नोव्हेंबर
जागा ठरली. हॉलमधलं काचेचं शोकेस. सुलक्षणाने विचारलं, आपल्या लग्नातला टी-सेट कुठे ठेवू? तीस वर्षांत त्यातून कुणी चहा प्यायलेला नाही. बायकांना दूरदृष्टी नसते.

५ नोव्हेंबर, संध्याकाळ
तत्त्वं पक्की केली. पहिलं: उजेड दिसावा, दिवा दिसू नये. दुसरं: तापता कामा नये. मखरात साधे बल्ब लावणाऱ्या मंडळांचे हार दुपारीच माना टाकतात. आमच्या बाप्पाचा हार दुसऱ्या दिवशीही ताजा असतो, लोक बघायला येतात. म्हणजे एलईडीच. अबोलीचा तापणारा बल्ब बाद.

९ नोव्हेंबर, रविवार
उद्घाटन. धोंडू आला होता. धोंडू म्हणजे मंडळाचा खजिनदार, स्टेशनजवळ त्याचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. अतिनील ट्यूब त्यानेच कुठूनशी आणली. ती शोकेसच्या काचेच्या छतावर ठेवली आणि तिच्याखाली दुधी ॲक्रिलिक लावलं. आता ट्यूब कुठूनही दिसत नाही. कडांना एलईडीच्या पट्ट्या. मागच्या भिंतीवर निळ्यातून नारिंगी, अगदी सूर्यास्त. खाली काथ्याचा भुसा. धोंडू म्हणाला, झकास रे लवू, देखावाच वाटतो. मग म्हणाला, पण कासव हलत नाही. मी म्हटलं, मूर्तीपण हलत नाही.

सुलक्षणा स्वयंपाकघरातून म्हणाली, "ता कासव आसा, गणपती न्हय." कुडाळची माणसं फार बोलतात.

१२ नोव्हेंबर
करवंटी कोपऱ्यात. डोकं आत. तिला वातावरण मानवलंय.

अबोलीचा व्हिडिओ कॉल. सूर्यास्त दाखवला. तिने टेंपरेचर विचारलं. म्हटलं, एकदम ओके. ती म्हणाली, आकडा सांगा. तेवढ्यात नेटवर्क गेलं. (राऊटर मीच बंद केला. फार तापला होता.)

१७ नोव्हेंबर
अबोलीने ऑनलाइन थर्मामीटर पाठवला. शोकेसमध्ये तेवीस दाखवतो. डावीकडे तेवीस, उजवीकडेही तेवीस. म्हणजे बिघडलेला आहे. पडताळा म्हणून माझा तापाचा थर्मामीटर आत ठेवला. त्याच्यावर 'लो' आलं. म्हणजे ताप नाही. चांगली बातमी.

करवंटीने जास्वंदीची पानं खाल्ली नाहीत. सुलक्षणा म्हणते, हिका थंडी वाजता. मी म्हटलं, डाएट असेल.

२३ नोव्हेंबर, रविवार
टीका ऐकून घेणं हा मोठेपणा. ऊब हवी ना, घ्या ऊब. मंडपातला हॅलोजन गोडाऊनमधून आणला. काचेबाहेरून आत मारला. दहा मिनिटांत थर्मामीटर चव्वेचाळीसवर. (म्हणजे बिघडलेला नव्हता.) करवंटी पहिल्यांदाच एवढी धावताना बघितली. ती भुशात तोंड खुपसायला लागली तेव्हा सुलक्षणाने तिला बाहेर काढून मोरीत नेलं, पाठीवर पाणी सोडलं. ॲक्रिलिकला वास सुटला. मग सगळ्या विंगची लाइट गेली. खालच्या मजल्यावर मॅचची शेवटची ओव्हर चालू होती. मला ती ओव्हर कुठली ते जिन्यात सविस्तर सांगण्यात आलं.

प्रयोगात असं होतं.

२६ नोव्हेंबर
तोडगा निघाला. हॅलोजन थोडा वेळ चालू, मग बंद आणि टेबलफॅन. चालू असताना चाळीस, बंद असताना वीस. सरासरी तीस. अबोलीला तीस कळवलं. तिने हार्ट पाठवला.

५ डिसेंबर
करवंटी खाते आहे! जास्वंद, गवत, शेवग्याचा पाला. शोकेसभर चालते, काचेवर पाय मारते. मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला. पुढच्या वर्षी प्राणी पाळणाऱ्यांसाठी मोफत मार्गदर्शन वर्ग घ्यायचा विचार आहे. धोंडूने हॉल देऊ म्हणून सांगितलं.

(मी फिरायला गेलो की सुलक्षणा तिला रोज टेरेसवर नेते आणि उन्हात सोडते, असं वॉचमनकडून कळलं. मला विचारलं नाही. माझ्या लायटिंगची सगळी शिस्त यामुळे मोडते. तरीही करवंटी सुधारली, यावरून माझ्या यंत्रणेची ताकद कळते.)

१० डिसेंबर
सुलक्षणा भावाच्या मुलीच्या लग्नाला कुडाळला गेली. पंधरा दिवस. जाताना म्हणाली, हिका तेवढा टेरेसवर घेऊन जा. मी हो म्हटलं. नेणार नाही. आता निकाल शुद्ध मिळेल.

१५ डिसेंबर
सकाळी पंखा लावावासा वाटत नाही. करवंटी झोपलेली. थंडीत झोपतात. पानं तशीच सुकली.

अबोलीचा फोन. कशी आहे? एकदम ओके. फोटो मागितला. पाच तारखेचा पाठवला. चांगला आला होता तो.

१८ डिसेंबर
अजून झोपलेली. हॅलोजनच्या वेळा वाढवल्या. सूर्यास्त जास्त नारिंगी केला.

२० डिसेंबर, शनिवार
सकाळी उचलली तर डोळे उघडेनात. हातात हलकी लागली. कवचाच्या कडेवर अंगठा टेकला आणि कड दबली. कवच दबायला नको, एवढं मलाही कळतं.

घाबरलो. कुणाला फोन करावा ते सुचेना. सुलक्षणाला केला असता तर ती ओरडली असती. अबोलीला करायचा धीर झाला नाही. करवंटीला बनियनच्या आत, पोटाशी धरलं, वर स्वेटर घातला आणि रिक्षा करून थेट मुलुंड. नाहूरच्या पुलावर तिने एक पाय बाहेर काढून माझ्या पोटावर टेकवला. रिक्षावाल्याला म्हटलं, भाई, जरा जल्दी. तो म्हणाला, पेट में दर्द है क्या? मी हो म्हटलं.

श्वेताने तपासलं आणि विचारलं, काका, अतिनील ट्यूब कुठे लावलीय? मी सांगितलं. काचेवर, ॲक्रिलिकमागे, अजिबात दिसत नाही. ती म्हणाली, काचेतून उजेड येतो काका, पण हिला जे हवं ते काचेतच अडतं. ते नसलं की कवच मऊ पडतं. आणि एका जागी ऊब, एका जागी गारवा असला की ती आपलं आपण बघते. तुम्ही तिला आलटून पालटून भाजताय आणि गोठवताय. मग विचारलं, मधे काही दिवस उन्हात नेत होतात का, तेव्हा थोडी सुधारली असावी असं कवचावरून दिसतं. मी म्हटलं, हो, मुद्दामच नेत होतो. ती म्हणाली, मग थांबवलंत का?

मी फी किती झाली ते विचारलं.

करवंटीला तिने ठेवून घेतलं. अबोलीला मी कळवतो म्हणून सांगितलं. श्वेता म्हणाली, मी केलाय फोन.

२३ डिसेंबर
काच काढली. ॲक्रिलिक काढलं. सूर्यास्तसुद्धा काढला. वर जाळी, जाळीखाली उघडी ट्यूब, डाव्या टोकाला साधा तापणारा बल्ब, वायरी लोंबतायत. डावीकडे तेहेतीस, उजवीकडे पंचवीस. रात्री बंद. बावीस वर्षांत माझ्या हातून इतकं कुरूप काम झालं नव्हतं. धोंडू येऊन बघून गेला. म्हणाला, देखावा गेला रे. मी म्हटलं, जाऊ दे.

करवंटी येईपर्यंत रोज आकडे बघायचे. आत कुणी नाही, तरी बघायचे.

४ जानेवारी, रविवार
अबोली परवा आली. काल तिच्याबरोबर मुलुंडला गेलो. करवंटीने डोळे उघडलेत, खाते. कवच घट्ट व्हायला महिने लागतील. मला ओळखलं नाही. कासवं ओळखत नाहीत म्हणे, पण अबोलीकडे मान वर करून बघितलं तिने.

आज अबोलीने शोकेसमध्ये हात घातला. डावीकडे, मग उजवीकडे. म्हणाली, पप्पा, आता बरोबर आहे. मी म्हटलं, मग कधी आणायची? ती म्हणाली, आणायची नाही. श्वेताकडेच राहू दे. मी म्हटलं, अगं लायटिंग बरोबर आहे, तूच म्हणालीस. ती म्हणाली, लायटिंगचं नाही हो पप्पा. मी तिकडे असणार. कशी आहे विचारलं की तुम्ही एकदम ओके म्हणणार. मी कुणाला विचारू मग?

रागावून म्हणाली असती तर भांडता आलं असतं. तिने माझा हात धरला होता.

फार वाईट वाटलं. इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे बोलणार नाही.

११ जानेवारी, रविवार
अबोली सोमवारी गेली. सकाळी उठून शोकेसचा बल्ब लावला. सवय. बंद करायचं जिवावर आलं, आता रात्रीही चालूच असतो.

काल सुलक्षणाने विचारलं, आंबोळ्यांचं पीठ थंडीत आंबत नाही, आत ठेवू का? कुठल्या बाजूला ठेवू? मी म्हटलं, डावीकडे. सकाळी बघतो तर पीठ पातेल्याबाहेर येऊन भुशापर्यंत पोचलेलं. आंबोळ्या कापसासारख्या झाल्या. सुलक्षणा म्हणाली, अशे कधी झाले नव्हते. मी चार खाल्ल्या. यंत्रणेत मुळात दोष नव्हता, हे सिद्ध झालं.

अबोलीला फोटो पाठवला. तिने विचारलं, टेंपरेचर किती होतं पप्पा? मी कळवलं: तेहेतीस. खरंच तेहेतीस होतं, दोनदा बघितलं होतं.

लगेच सुलक्षणाचा फोन वाजला. ती उठून शोकेसपाशी गेली, चष्मा लावून वाकली आणि म्हणाली, हो गो बाय, तेहेतीसच आसा.