आधी शीर बधिर करायला सांग

आई, इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. तुझ्या ऑपरेशनसाठी रजा मागितली, पण इथल्या हॉस्पिटलचे साहेब म्हणाले, "करार संपेपर्यंत विषय काढू नका." पासपोर्टही त्यांच्याच कपाटात आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस.

मागच्या वेळी भुलीचं औषध शिरेत जाताना हात भाजल्यासारखा झाला होता ना? या वेळी डॉक्टरांना आधी शीर बधिर करणारं औषध द्यायला सांग. इथे आम्ही रोज देतो. आज तुझ्याच वयाच्या एक बाई घाबरून म्हणाल्या, "भूल सोडताना सांग गं." तोवर सोडून झाली होती, त्यांना कळलंही नव्हतं. त्या झोपल्या तरी मी त्यांचा हात धरूनच उभी होते.

बाबांना तुझ्याजवळ आत थांबू देतील का?

तुझी धाकटी