फोटोमागचं वर्णन

प्रिय लंबू,

तुझी मेल मिळाली. लग्नाची साइट एकट्याने केलीस, आता वेब डिझाइनमध्ये पुढे काय शिकू, असं मला विचारतोयस. त्यातलं ‘एकट्याने’ मी पुन्हा एकदा वाचलं. एचटीएमएल, सीएसएस कुणी शिकवलं रे तुला? माझ्या ऑफिसातल्या खिडकीजवळच्या टेबलावर, बाकीचे जेवायला गेले की आपण बसायचो. एक चौकट पानाच्या मधोमध आणताना तुझ्या नाकी नऊ यायचे, आणि जमली की तू खुर्चीसकट गरगर फिरायचास. बेसिक पक्कं झालं आणि तू मला सोडलंस. निदान कोर्स पूर्ण तरी करायचास.

साइट पाहिली. रंग बरे निवडलेस. नवरी चांगलीच उंच आहे, आता तुझी मान दुखत नसेल. मोबाइलवर मेन्यू उघडत नाही, तेव्हा आधी जावास्क्रिप्ट शीक. फोटो इतके जड आहेत की ते दिसेपर्यंत पाहुणे जेवून घरी जातील, ते हलके करायला शीक. पण हे तुला कुणीही सांगितलं असतं. मला विचारलंस ते तुझं किती छान चाललंय हे दाखवायला. दिसलं. पोटात दुखलं. लपवत नाही.

होणाऱ्या सासऱ्यांना डोळ्यांनी दिसत नाही, तेव्हा रंगांना नावं ठेवणारा एक माणूस कमी, अशी कोटीही केलीयस. फोनवर आलेलं सगळं ते मोठ्या आवाजात वाचून घेतात म्हणे, घरभर ऐकू जातं. रविवारी दोन्हीकडचे लोक त्यांच्या घरी जमणार, तेव्हा साइट पहिल्यांदा त्यांनाच पाठवणार आहेस, मान त्यांचा म्हणून. मुलगी वडिलांच्या शब्दाबाहेर नाही, ते नाही म्हणाले तर लग्न मोडेल, हेही तूच लिहिलंयस.

मग त्यांचा फोन फोटो कसा वाचणार, याचा विचार केलास का? प्रत्येक फोटोमागे कोडमध्ये एक वर्णन असतं. पानावर ते दिसत नाही, पण ज्याला दिसत नाही त्याला फोन तेच वाचून दाखवतो. मी तुला हे आपल्याच लग्नाच्या साइटवर शिकवलं होतं. लग्न झालं नाही, साइट तेवढी झाली होती.

सवयीने तुझा कोड उघडला. तू आळशी तो आळशीच. आपली जुनीच साइट उचललीस, नावं बदललीस, फोटो बदललेस, वर्णनं तशीच ठेवलीस. नवरीच्या गच्चीवरच्या फोटोमागे अजून तुझंच वाक्य आहे: ‘माझी ठेंगू उन्हात झोपली आहे. हिच्याशिवाय मला दुसरं कुणी नको, कधीच.’ तोंडाने तू मला असं एकदाही म्हणाला नाहीस. कोडमध्ये लिहिलंस, आणि ते वाचून मी भर ऑफिसात रडले होते. आता तेच त्या माणसाला, पाहुण्यांनी भरलेल्या घरात, स्वतःच्या मुलीच्या फोटोवर ऐकू येणार. बाकीच्या फोटोंचीही तीच कथा आहे. लाडात आलास की तू फार सविस्तर लिहायचास.

तर पुढे काय शिकायचं? आपल्याला दिसत नाही ते दुसऱ्याला कसं पोचतं, हे शीक. तुझी दुरुस्ती चहा निवेपर्यंत होईल इतकी सोपी आहे. आज शुक्रवार. तुझा नंबर मला अजून पाठ आहे, एक फोन केला तर तुझं लग्न वाचेल. बराच वेळ फोन हातात धरून बसले होते. मग तो ठेवला, कागद घेतला आणि सावकाश, चांगल्या अक्षरात हे लिहिलं. आता साध्या पोस्टाने टाकते. मंगळवारी मिळेल तुला.

तुझीच,
ठेंगू