लहानूभाऊची दुपार

३ नोव्हेंबर
आज गोंडपिपरीजवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात मदतनीस म्हणून रुजू झालो. मागे सागाचं रान, पुढे धानाचे बांध. घुग्घुसच्या कोळशाच्या धुळीनंतर इथली हवा फार बरी वाटते. नर्स रंजीताबाईंनी काम समजावलं. दारू सुटली की पहिले काही दिवस माणूस थरथरतो, नसलेलं पाहतो. त्याच्याजवळून हलायचं नाही. जेवायला वरणभात, वांग्याची भाजी. आईला फोन केला. खूश झाली.

९ नोव्हेंबर
लहानूभाऊ भरती झाला. मोहर्लीला सफारीची जिप्सी चालवायचा. त्याची बायको रुखमाबाई सोडायला आली होती. जाताना म्हणाली, "अश्वजितभाऊ, याले एकटं सोडू नोका." मी हो म्हटलं.

११ नोव्हेंबर
रंजीताबाई औषधं आणायला गेल्या होत्या. लहानूभाऊ सारखा उठून पळत होता. मी कंटाळलो. दुपट्ट्याने त्याची दोन्ही मनगटं एकत्र करून खाटेला बांधली. तो पाणी मागत होता. जेवून देतो म्हटलं. जेवलो, मग बाहेर बसून मोबाइलवर मॅच पाहिली.
दीड तासाने आत गेलो तर त्याचा जीव गेला होता.
दुपट्टा सोडला. धुऊन वाळत घातला. रजिस्टरमध्ये लिहिलं, दर पंधरा मिनिटांनी पाहिलं. सगळ्यांनी खरं मानलं. रुखमाबाईने तर माझे आभार मानले.

१९ नोव्हेंबर
गडचिरोलीचा धनराज नवा आहे. लहानूभाऊचं नावही त्याला ठाऊक नाही. आज भर दुपारी म्हणाला, तुमच्यामागे माणूस उभा आहे, मनगटं बांधलेला. रंजीताबाई म्हणाल्या, भास आहे. मीही मान हलवली. पण बांधल्याचं मी कुणालाच—

२२ नोव्हेंबर
आज आलेला लटारूही तेच म्हणतो. तो माणूस पाणी मागून राह्यला म्हणे. मी मागे वळत नाही. जेवण जात नाही. रंजीताबाई प्रेमाने विचारतात, तेव्हा जमिनीत गडप व्हावंसं वाटतं.

२४ नोव्हेंबर
रुखमाबाई आली आहे. त्याचे कपडे न्यायला. आज सांगणारच होतो. समोर गेलो. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या खांद्यामागे पाहिलं. चेहरा पांढरा पडला. हळूच म्हणाली, "अश्वजितभाऊ, याले कोनं बांधलं?"
पळत आलो. दार लावून लिहितो आहे. ती दाराशी आहे. पुन्हा विचारते. आत माझ्याजवळ कुणीतरी पाणी— बाई, मीच—